आगाऊ वचन आणि घरची शिल्लक

गेल्या पिढीपर्यंत आपल्या गावांतून अमेरिकेस शिकावयास जाणारा विद्यार्थी बहुधा येथील पदवी घेऊन मगच जात असे, आणि तेथे एखाद्या प्रयोगशाळेत किंवा वर्गावर साहाय्यकाचे काम पत्करून शिक्षणाचा बराचसा भार स्वतःच उचलीत असे. आता चित्र पालटले आहे. बारावी होताच थेट पदवीच्या पहिल्या वर्षासाठी तिकडे अर्ज करणारी मुलेमुली आपल्या मध्यम शहरांतूनही आढळू लागली आहेत. आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले तर तेथल्याच शाळांतून या वाटेने जात असतात. या दोन्ही प्रकारच्या घरांत दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो. आवडत्या महाविद्यालयाला ‘आपण प्रवेश दिलात तर मी नक्की येईन’ असे वचन देऊन लवकर अर्ज करावा, की इतरांबरोबर नेहमीच्या मुदतीत अर्ज करून वाट पाहावी?

ज्या घरी पैशाची विवंचना नाही तेथे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे. ज्या घरी महिन्याचा हिशोब मांडूनच पुढचे पाऊल टाकावे लागते तेथे तो व्यवहाराचा, आणि थोडा न्यायाचाही प्रश्न होतो. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या दिशेने चालले आहे हे ध्यानात राहील. बांधून घेणारे वचन किंमत कळल्यावाचून देऊ नये. आणि किंमत अगोदर कळण्याची सोय असेल, व ती आपल्याला झेपत असेल, तर ते देण्यास भिऊही नये. सारा प्रश्न या ‘कळण्या’पाशी येऊन थांबतो. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

छापील किंमत आणि खरे बिल

आपल्याकडील प्रवेशाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या शाखेच्या खाजगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती जाहीर असते, आणि प्रवेशफेरीत पसंतिक्रम भरतानाच पालकाला ती पाहता येते. सवलतीचे वर्ग वगळले, तर शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांची फी सारखीच असते.

अमेरिकेतील खाजगी महाविद्यालयांत असे नाही. तेथे एक छापील किंमत असते. शिकवणी, राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास हे सारे धरून ती काही नामांकित ठिकाणी आता वर्षाला ९०,००० डॉलरांच्याही पुढे गेली आहे. परंतु ही किंमत सगळेच देतात असे नाही. घरच्या परिस्थितीनुसार किंवा विद्यार्थ्याच्या गुणवत्तेनुसार तीतून अनुदान वजा होते, आणि उरते ते त्या घराचे खरे बिल. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाचे बिल ९०,००० आणि दुसऱ्याचे ५,००० डॉलर असू शकते. कापडाच्या दुकानात ताग्यावर एक भाव लिहिलेला असावा आणि गिऱ्हाइकाचे घरदार पाहून दुसरा सांगितला जावा, तशातला हा प्रकार. मात्र येथे तो धर्मादाय हेतूनेही केला जातो, हे विसरता कामा नये.

हे अनुदान दोन वाटांनी येते. पहिली वाट गरजेची. महाविद्यालय एकूण खर्चातून ‘हे कुटुंब इतके देऊ शकते’ असा आकडा वजा करते, आणि राहील ती ‘गरज’ मानते. हा आकडा कुटुंब ठरवीत नाही, महाविद्यालय ठरवते. सगळ्या गैरसमजांचे मूळ येथे आहे. अमेरिकेच्या नागरिकांना व कायम रहिवाशांना त्यासाठी ‘फाफ्सा’ हा सरकारी अर्ज भरावा लागतो. अनेक खाजगी महाविद्यालये याखेरीज ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा अधिक खोलात जाणारा अर्ज मागतात. त्यात राहते घर, भाड्याने दिलेली जागा, धंद्यातील भांडवल अशी विचारपूस असते. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून सरकारी सूत्र बदलले. घरातील दोन मुले एकाच वेळी महाविद्यालयात असली तर पूर्वी पालकांच्या वाट्याचा आकडा दोघांत विभागला जाई. ती सवलत सरकारी सूत्रातून गेली. पाठोपाठची भावंडे असलेल्या घरांनी थोरल्याच्या वेळचा अनुभव धाकट्याला जसाच्या तसा लावू नये.

दुसरी वाट गुणवत्तेची. उत्पन्न न पाहता चांगला विद्यार्थी आपल्याकडे ओढण्यासाठी काही विद्यापीठे शिष्यवृत्ती देतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, की जी महाविद्यालये सर्वांत नावाजलेली आहेत ती बहुधा गुणवत्तेसाठी पैसे देत नाहीत, कारण त्यांच्या दारात गुणवंतांची रांगच असते. किंचित खालच्या पायरीवरील चांगली विद्यापीठे मात्र मोकळ्या हाताने देतात.

आणखी एक खुलासा. ‘साहाय्य’ म्हणून जे पत्रक हाती येते त्यात अनुदान, विद्यार्थ्याने आवारात करावयाचे काम आणि कर्ज हे तिन्ही एकाच रकान्याखाली मांडलेले असू शकते. कर्जाने बिल कमी होत नाही, पुढे ढकलले जाते. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ साली साहाय्यातून कर्ज काढून टाकून त्या जागी अनुदान दिले, आणि नंतर इतर काही श्रीमंत संस्थांनी तो कित्ता गिरवला. परंतु सर्वत्र तसे नाही.

अर्जाच्या तीन वाटा

आता अर्जाच्या वेळापत्रकाकडे वळू. पहिली वाट ‘अर्ली डिसिजन’ची. तिला आपण बंधनकारक आगाऊ अर्ज म्हणू. मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यास. असा अर्ज एकाच महाविद्यालयाला करता येतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक या तिघांच्याही सह्या असतात; आणि प्रवेश मिळाला की इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जावयाचे असते. कित्येक ठिकाणी याचीच दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी असते व तिचा निकाल फेब्रुवारीच्या मध्यास लागतो.

दुसरी वाट ‘अर्ली ॲक्शन’ची, म्हणजे मोकळ्या आगाऊ अर्जाची. अर्ज लवकर, निकालही लवकर. पण बांधिलकी नाही. हातात प्रवेश ठेवून १ मेपर्यंत विचार करता येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे याचाच एक आवळ प्रकार आहे. तेथे अर्ज केला तर इतर खाजगी महाविद्यालयांकडे त्याच वेळी आगाऊ अर्ज करता येत नाही; परंतु प्रवेश मिळाल्यावर तेथेच जाण्याचे बंधन नाही.

तिसरी वाट नेहमीची. जानेवारीच्या आरंभी हवे तितके अर्ज, मार्चअखेरपर्यंत निकाल, आणि १ मेपर्यंत उत्तर. आपल्याकडे व्याख्यानमालांचे मांडव पडलेले असतात त्याच सुमारास ही घरे चार-पाच साहाय्यपत्रके समोर पसरून बसलेली असतात. बंधनकारक अर्ज करणाराला हे पसरून बसणे लाभत नाही. हीच त्या अर्जाची किंमत होय.

महाविद्यालयांना हे का हवे?

कोणतीही संस्था दुसऱ्याच्या सोयीसाठी एवढा खटाटोप करीत नाही. प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती येतील, ही तेथील प्रवेशाधिकाऱ्याची मोठी चिंता असते. जागा रिकाम्या राहिल्या तर उत्पन्न बुडते, जास्त आले तर वसतिगृहे अपुरी पडतात. बंधनकारक अर्जदार मात्र खात्रीचा. म्हणून काही नामांकित महाविद्यालये आपल्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या, किंवा त्याहूनही अधिक, जागा याच वाटेने भरतात. शिवाय, असा विद्यार्थी भाव न पाहता आलेला असतो. त्याला ओढून आणण्यासाठी जादा शिष्यवृत्ती देण्याचे कारण उरत नाही.

या पद्धतीवर टीका होत नाही असे नव्हे. येल व स्टॅनफर्ड यांनी २००२ साली बंधनकारक वाट सोडून मोकळी स्वीकारण्याचे ठरवले. २००६ साली हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी आगाऊ अर्ज सर्वस्वी बंद करण्याचे जाहीर केले; सुस्थितीतील घरांनाच त्याचा लाभ होतो, हे कारण त्यांनी दिले. परंतु इतरांनी त्यांचे अनुकरण केले नाही, आणि २०११ साली हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी मोकळ्या स्वरूपात का होईना, आगाऊ अर्ज पुन्हा सुरू केले. व्हर्जिनिया विद्यापीठाने तर २०१९ साली बंधनकारक वाटच पुन्हा उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीमुळे महाविद्यालयांतील स्पर्धा मारली जाते आणि शिक्षण महागते, असा आरोप करणारा दावा ३२ महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याविरुद्ध तेथील संघीय न्यायालयात दाखल झाला. न्यायालयात काहीही ठरो. आपल्यापुढील मुलाने यंदा काय करावे, याचे उत्तर आपल्यालाच काढले पाहिजे.

लाभ किती खरा?

लवकर अर्ज केल्याने प्रवेशाची शक्यता वाढते काय? वाढते, यात शंका नाही. एव्हरी, फेअरबँक्स व झेकहौझर या तिघा अभ्यासकांनी चौदा निवडक महाविद्यालयांकडील पाच लाखांहून अधिक अर्ज तपासून २००३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एसएटी परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळाल्याने जो फरक पडेल, तेवढा फरक केवळ लवकर अर्ज केल्याने पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तथापि महाविद्यालये जे सरळ प्रमाण छापतात त्यावर डोळे मिटून विसंबू नये. आगाऊ अर्जदारांत आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, उत्तम शाळांतून तयारी झालेली मुले असतात. या मंडळींना वगळले म्हणजे सामान्य विद्यार्थ्याचा लाभ छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ लहान होतो. आणि जो विद्यार्थी त्या महाविद्यालयाच्या पातळीच्या आसपासही नाही त्याला लवकर अर्ज करून काही साधत नाही. लग्नाच्या पंगतीत लवकर जाऊन बसल्याने पान लवकर वाढले जाते. आमंत्रणच नसेल तर लवकर जाऊन काय उपयोग?

कोरी इसारपावती

या लाभाच्या मोबदल्यात घर काय देते? जमीन-घराचा व्यवहार केलेल्या प्रत्येकास इसारपावती ठाऊक असते. इसार देण्यापूर्वी आपण सातबारा पाहतो, शेजारच्या सर्व्हे नंबराचा भाव काढतो आणि ठरलेली रक्कम पावतीवर अक्षरी व आकडी लिहून घेतो. रकमेची जागा कोरी ठेवून सही करणाराला आपण शहाणा म्हणणार नाही. बंधनकारक आगाऊ अर्ज ही, पैशाची अडचण असलेल्या घराच्या दृष्टीने, अशी कोरी इसारपावती होण्याचा संभव असतो. सही नोव्हेंबरात होते, रक्कम डिसेंबरात भरली जाते, आणि ती भरणारा समोरचा पक्ष असतो.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थिनीस बंधनकारक वाटेने प्रवेश मिळाला. छापील खर्च ८८,००० डॉलर, अनुदान ६०,००० डॉलर, घराने द्यावयाचे २८,००० डॉलर. पत्र वाचून घरात आनंदच होईल. साठ हजार म्हणजे काही थोडे नव्हेत. पण तीच विद्यार्थिनी नेहमीच्या मुदतीत गेली असती, तर कदाचित दुसऱ्या एका चांगल्या महाविद्यालयाने तिचे बिल १६,००० वर आणले असते, आणि तिसऱ्याने गुणवत्तेची शिष्यवृत्ती देऊन २२,००० वर. पहिल्या व दुसऱ्या बिलातील फरक वर्षाला १२,००० डॉलर, चार वर्षांत ४८,०००. डॉलरचा भाव सोयीसाठी ९० रुपये धरला तर हा फरक ४३ लाख २० हजार रुपयांचा होतो. ‘कदाचित’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. दुसरी पत्रे याहून वाईटही आली असती. सांगावयाचे ते इतकेच, की बंधनकारक वाटेने गेलेल्या घराला ही पत्रे कधी दिसतच नाहीत.

न दिसण्याचा आणखी एक तोटा आहे. साहाय्य अपुरे वाटले तर महाविद्यालयाकडे फेरविचाराची विनंती करता येते, आणि कित्येकदा ती मान्यही होते. परंतु ‘अमुक संस्थेने इतके देऊ केले आहे’ असे दुसरे पत्र हाती असले म्हणजे त्या विनंतीला वजन येते. बंधनकारक अर्जदार मोकळ्या हातांनी बोलणी करावयास बसतो.

सुटकेचे कलम

यावर असे उत्तर देण्यात येते, की बंधनातून सुटण्याची वाट नियमांतच आहे. ते खरे आहे. ज्याने साहाय्यासाठी अर्ज केला आहे त्यास मिळालेल्या साहाय्यात तेथे शिकणे शक्य होत नसेल, तर तो प्रवेश नाकारून मोकळा होऊ शकतो. हे कलम पुष्कळ पालकांना माहीत नसते, आणि गरीब घरांतील मुले केवळ अज्ञानाने या वाटेला बिचकतात. म्हणून ते येथे स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

परंतु या कलमाची मर्यादाही ओळखावी. ‘शक्य नाही’ आणि ‘दुसरीकडे स्वस्त पडले असते’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुटका पहिलीसाठी आहे. राहते घर गहाण टाकून, निवृत्तीची पुंजी मोडून जे ‘शक्य’ होते ते या कलमाच्या आत की बाहेर, हे ठरवताना घराची ओढाताण होते. आनंदाची बातमी आलेली असते, मुलाने मित्रांना सांगितलेले असते, आणि अशा वेळी ‘नको’ म्हणणे बापाच्या जिवावर येते. शिवाय वेळ फार थोडा असतो. निकाल डिसेंबरच्या मध्यास आणि इतर महाविद्यालयांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बाकीचे अर्ज लिहून तयार ठेवलेले नसतील तर सुटका होऊनही वर्ष हातचे जाईल.

हे वचन मोडले म्हणून महाविद्यालये विद्यार्थ्यावर फिर्याद लावीत बसत नाहीत. तरी ते हलके समजू नये. २०२५ साली एका विद्यापीठाने, पूर्वीच्या एका विद्यार्थ्याने असे वचन मोडल्यावरून, त्याच्या शाळेतील पुढील मुलांना एक वर्ष या वाटेने अर्ज करण्यास मनाई केली. एकाच्या सहीचा भुर्दंड धाकट्या मुलांवर पडला. पुढे पाहू म्हणून सही ठोकणे, हा मार्ग आम्हांस कोणत्याही घरासाठी योग्य वाटत नाही.

कोणाला परवडते?

आता असे वाटेल, की श्रीमंतांनी आगाऊ वचन द्यावे आणि गरिबांनी थांबावे, हाच या विवेचनाचा इत्यर्थ. तसे नाही. श्रीमंताला हे वचन परवडते, कारण आकडा काहीही आला तरी त्याचे बिघडत नाही. पण अगदी अल्प उत्पन्नाच्या घरालाही ते परवडू शकते, जर ते महाविद्यालय प्रत्येक प्रवेशिताची पूर्ण गरज भागवण्याची हमी देत असेल. कारण अशा घराचा देय आकडा शून्याच्या जवळपास येणार, हे बरेचसे आधीच सांगता येते.

‘क्वेस्टब्रिज’ या संस्थेची योजना हे याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या हुशार मुलांनी पसंतिक्रम द्यावयाचा, आणि जुळणी झाली तर चार वर्षांचा पूर्ण खर्च भागवणाऱ्या शिष्यवृत्तीसह प्रवेश घ्यावयाचा, अशी तिची रचना आहे. बहुतेक सहभागी महाविद्यालयांच्या बाबतीत तेथेही वचन बांधून घेणारेच असते. तरी त्याबद्दल तक्रार होत नाही, कारण पावतीवरील रकमेची जागा कोरी नसते.

खरी कोंडी होते ती मधल्या घराची. न्यू जर्सीतील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवराबायको दोघेही नोकरी करणारी, घराचे हप्ते चालू, धाकटी मुलगी दोन वर्षांनी महाविद्यालयात जाणारी, आणि दरमहा भारतात आईवडिलांच्या औषधपाण्याला पैसे पाठवणारी. महाविद्यालयाच्या सूत्राला त्यांचे उत्पन्न भरघोस दिसते. घराची किंमतही काही ठिकाणी हिशोबात धरली जाते. आईवडिलांचा खर्च मात्र मुद्दाम कळवल्याशिवाय दिसत नाही, आणि कळवूनही धरला जाईलच असे नाही. सूत्र सांगते ‘साठ हजार द्या’, आणि घर म्हणते ‘पस्तीसच्या वर जमणार नाही’. या घराने बंधनकारक वाटेस जाऊ नये. त्याच्यासाठी आपल्या राज्याचे विद्यापीठ, मोकळ्या आगाऊ अर्जाची महाविद्यालये आणि गुणवत्तेची शिष्यवृत्ती देणारी विद्यापीठे यांची नीट निवडलेली यादी अधिक हिताची. कित्येक शिष्यवृत्त्यांसाठी नोव्हेंबरात किंवा १ डिसेंबरपर्यंत अर्ज करावा लागतो. तेव्हा लवकर अर्ज करणे या घरालाही आवश्यक आहे. टाळावयाचे आहे ते बांधले जाणे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

भारतात राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकन सरकारचे साहाय्य परदेशी विद्यार्थ्यास मिळत नाही. जे मिळावयाचे ते महाविद्यालयाच्या थैलीतून. येथे महाविद्यालयांचे दोन वर्ग पडतात. काही संस्था प्रवेशाचा निर्णय घेताना परदेशी विद्यार्थ्याला साहाय्य हवे की नको हे पाहतच नाहीत, आणि प्रवेश दिला की त्याची पूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी व ॲमहर्स्ट यांच्या जोडीला २०२२ साली डार्टमथ व बोडन, आणि २०२५ साली दाखल झालेल्या वर्गापासून ब्राउन विद्यापीठ या पंक्तीत आले. यांपैकी ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन व ब्राउन येथे बंधनकारक वाट आहे. गरजू पण खरोखर तयारीच्या विद्यार्थ्याने वचन द्यावयाचेच असेल, तर ते अशा ठिकाणी द्यावे.

इतर बहुसंख्य संस्थांत साहाय्य मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो. म्हणून काही पालक ‘आधी साहाय्य नको म्हणू, एकदा आत शिरला की मागू’ असा बेत करतात. हा बेत घातक आहे. पहिल्या अर्जात साहाय्य न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्यास पुढील चारही वर्षे ते मागता येणार नाही, असा अनेक महाविद्यालयांचा नियम आहे. आणि ज्याने साहाय्य मागितलेच नाही त्याला सुटकेच्या कलमाचाही आधार उरत नाही.

रुपयाचाही विचार केला पाहिजे. २०११ च्या मध्यास डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता. ऑगस्ट २०१३ मध्ये तो ६८ पर्यंत चढला. वर्षाला ५०,००० डॉलर भरणाऱ्या घराचे बिल, फी एका डॉलरानेही न वाढता, साडेबावीस लाखांवरून चौतीस लाखांवर गेले. चार वर्षांचा हिशोब आजच्या भावाने मांडून सही करणे म्हणजे मृगाचा पहिला पाऊस पाहून वर्षभराच्या पाण्याची खात्री धरण्यासारखे आहे.

सही करण्यापूर्वी

किंमत अगोदर कळण्याची सोय आहे काय? पुष्कळ अंशी आहे. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्यान्वये, ऑक्टोबर २०११ पासून, सरकारी साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवावे लागते. उत्पन्न, शिल्लक, कुटुंबातील माणसे ही माहिती भरली की अंदाजी बिल समोर येते. पगारदार घरासाठी हा अंदाज बराच विश्वसनीय असतो. स्वतःचा धंदा, शेती, भाड्याची मालमत्ता किंवा विभक्त झालेले आईवडील असतील तेथे तो चुकण्याचा संभव अधिक. भारतातील पालकांनी ते यंत्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे की नाही, हे आधी पाहावे. बहुतेक यंत्रे अमेरिकेतील घरे धरून केलेली असतात.

दुसरे साधन म्हणजे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे वार्षिक पत्रक. ते पुष्कळ महाविद्यालये प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात बंधनकारक वाटेने किती अर्ज आले व किती स्वीकारले, हे असते. ‘एच’ विभागात गरजेपैकी सरासरी किती टक्के भागवली जाते, किती जणांची पूर्ण भागवली आणि परदेशी विद्यार्थ्यांना एकंदर किती साहाय्य दिले, हे असते. जाहिरातीच्या पुस्तिकेतील हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा हे रुक्ष कोष्टक पालकाला अधिक सांगते.

तिसरे साधन सर्वांत साधे, ते म्हणजे साहाय्य-कचेरीला पत्र लिहून विचारणे. आपली कागदपत्रे पाहून आगाऊ अंदाज द्याल काय? अनुदान चारही वर्षे टिकेल काय? फी वाढली तर तेही वाढेल काय? पत्रकात कर्ज किती? या प्रश्नांची लेखी उत्तरे मागण्यात कमीपणा नाही. जी कचेरी उत्तर देण्याचे टाळते तिने एक प्रकारे उत्तर दिलेलेच असते.

हे सारे झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा. यंत्राने दाखवलेला आकडा डिसेंबरात जसाच्या तसा आला, तर दुसरीकडे काय मिळाले असते याची चुटपुट न लागता आपण तो चार वर्षे देऊ शकू काय? ‘होय’ असेल आणि मुलाचा कल निश्चित असेल, तर वचन द्यावे. उत्तर ‘पाहू’ असेल, तर थांबावे.

एक बोलणे मात्र या सर्वांच्या आधी घरात झाले पाहिजे. ‘तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघतो,’ असे मुलाला सांगण्याची आपल्या घरांची जुनी रीत आहे. तीत माया आहे, आणि कित्येकांची शिक्षणे त्या मायेवर झाली आहेत. परंतु येथे सतरा वर्षांच्या मुलाची सहीही कागदावर पडावयाची असते. घर वर्षाला किती देऊ शकते, हा आकडा त्याला जुलैतच सांगावा, सप्टेंबरात तो यादी करील तेव्हा जवळ असावा आणि नोव्हेंबरात सही करताना समोर ठेवावा. आकडा ठाऊक असलेले मूल समजुतीने निवड करते, असा आमचा विश्वास आहे. आणि ज्याला तो डिसेंबरात, प्रवेशाच्या पत्रानंतर प्रथमच कळतो, त्याच्या मनाला आपण काही कमी पडलो असे उगाच वाटत राहते. तेव्हा आईवडिलांनी आपल्या खात्याचे पुस्तक एकदा त्याच्यापुढे उघडावे, आणि मग तिघांनी मिळून अर्ज भरावयास बसावे.